चूक यंत्राची, शिक्षा माणसाला!

१८ मार्च २०१८. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या टेंपी शहरात रात्रीचे दहा वाजत आले होते. ४९ वर्षांची एक स्त्री सायकल हाताने ढकलीत एक रुंद रस्ता ओलांडीत होती. तिच्या रोखाने ‘उबर’ कंपनीची मोटार येत होती. चालकाच्या आसनावर कंपनीची एक कर्मचारी बसलेली होती खरी, पण मोटार ती चालवीत नव्हती. मोटार चालवीत होता संगणक. ताशी सुमारे ६३ किलोमीटर वेगाने त्या मोटारीने त्या स्त्रीला धडक दिली आणि तिचा अंत झाला. स्वयंचलित मोटारीच्या धडकेने पादचाऱ्याचा मृत्यू झाल्याची ही जगातील पहिली नोंद.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताची चौकशी करून नोव्हेंबर २०१९ मध्ये मांडलेले निष्कर्ष मुळातून समजून घेण्याजोगे आहेत. यंत्राला ती स्त्री दिसली नव्हती काय? दिसली होती. धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती. त्या वेगाने एवढ्या अवधीत मोटार शंभर मीटरच्या आसपास अंतर कापते. म्हणजे थांबायला भरपूर वाव होता. पण समोर जे दिसते आहे ते काय आहे, याचा निर्णय यंत्राला होईना. कधी ते तिला वाहन समजले, कधी सायकल, तर कधी ‘इतर काही’. समज बदलली की आधी टिपलेली तिची वाटचाल यंत्र विसरून जाई आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करी. झेब्रा पट्ट्यांच्या बाहेरही माणूस रस्ता ओलांडू शकतो, हे तर त्या आज्ञावलीच्या गावीही नव्हते! धडक अटळ आहे असे उमगल्यावरही, उगाच ब्रेक लागू नयेत म्हणून, आणखी एक सेकंद स्वस्थ राहायचे, अशी तजवीज कंपनीनेच करून ठेवलेली होती. मूळच्या व्होल्वो मोटारीत कारखान्याने आणीबाणीची ब्रेकयंत्रणा बसवलेली होती; संगणक मोटार चालवीत असताना ती बंद ठेवली जात असे. पूर्वी अशा मोटारीत दोन कर्मचारी बसत. त्यांतला एक कमी करण्यात आला होता.

आता या प्रकरणात कोणाला काय शिक्षा झाली ते पाहावे. कंपनीवर फौजदारी दायित्व येत नाही, असे सरकारी वकिलांनी मार्च २०१९ मध्ये जाहीर केले. मृत स्त्रीच्या कुटुंबीयांशी कंपनीने त्यापूर्वीच, अपघातानंतर दोन आठवड्यांच्या आत, तडजोड करून टाकली होती. २०२० च्या अखेरीस कंपनीने हा सारा विभागच ‘ऑरोरा’ नावाच्या दुसऱ्या कंपनीस विकला. आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली ती चालकाच्या आसनावर बसलेली कर्मचारी. ती त्या वेळी मोबाईलवर मनोरंजनाचा कार्यक्रम पाहत होती, हे चौकशीत निष्पन्न झाले. तेव्हा तिचा दोष नाही असे कोणीच म्हणणार नाही. तिने गुन्हा कबूल केला आणि २०२३ मध्ये तिला तीन वर्षांचे प्रोबेशन मिळाले. वाहतूक सुरक्षा मंडळाने कंपनीच्या सुरक्षाविषयक बेफिकिरीवर स्पष्ट शब्दांत ठपका ठेवला होता. तो ठपका अहवालातच राहिला.

ही कथा आज पुन्हा सांगण्याचे कारण असे की, चालकविरहित मोटार ही माणसाने चालवलेल्या मोटारीपेक्षा अधिक सुरक्षित आहे, हा सिद्धान्त आता जवळपास स्वयंसिद्ध सत्याच्या थाटात मांडला जाऊ लागला आहे. आपल्याकडील आंग्ल वृत्तपत्रे आणि त्यांची री ओढणाऱ्या मराठी पुरवण्या यांतून तर यंत्राची आरतीच चालू असते. यंत्र दारू पीत नाही, यंत्राला झोप येत नाही, यंत्र संतापत नाही, यंत्र मोबाईलवर बोलत नाही. सबब माणसाच्या हातून स्टिअरिंग काढून घ्या, असा हा युक्तिवाद आहे. ऐकायला तो बिनतोड वाटतो. त्यातली प्रत्येक गोष्ट खरीही आहे. पण सुरक्षितता म्हणजे केवळ कौशल्य नव्हे, आणि कोणाचे कौशल्य किती हे सांगणारे आकडे कोण, कोठून, कशाच्या तुलनेत काढतो हे पाहिल्याविना त्यांच्यापुढे मान तुकवणे शहाणपणाचे नव्हे.

पहिला आकडा ९४ टक्क्यांचा. ‘९४ टक्के अपघात मानवी चुकीने होतात’ हे वाक्य चालकविरहित मोटारींच्या पुरस्कर्त्यांनी गेली कित्येक वर्षे मंत्रासारखे जपले आहे. या आकड्याचे मूळ कोठे आहे? अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००५ ते २००७ या काळात अपघातांची एक पाहणी केली आणि तिच्या आधारे २०१५ मध्ये एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. अपघाताकडे नेणाऱ्या घटनांच्या साखळीतला शेवटचा दुवा कोणता, एवढेच त्या पाहणीने नोंदवले होते. तो दुवा ९४ टक्के प्रसंगी चालकाकडे निघाला. शेवटचा दुवा म्हणजे अपघाताचे कारण असे समजू नये, दोष चालकाचा असेही समजू नये, हे त्याच टिपणात लिहिलेले आहे! रस्त्याला उतार चुकीचा, वळणावर फलक नाही, दिवा बंद, आणि अशा ठिकाणी चालकाने ब्रेक दाबायला अर्धा क्षण उशीर केला, तर त्या हिशेबात तो अपघात चालकाच्या खाती जमा होतो. टिपणातला इशारा गाळायचा, आकडा तेवढा उचलायचा आणि मग ‘माणूस काढला की ९४ टक्के अपघात संपले’ असे सांगत सुटायचे, याला प्रचार म्हणतात. विज्ञान म्हणत नाहीत. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२० मध्ये हाच प्रश्न खोलात जाऊन तपासला. मोटारींनी माणसासारखेच वाहन हाकले, केवळ त्यांची नजर चुकणार नाही आणि त्या पेंगणार नाहीत असे धरले, तर टळतील ते सुमारे एक तृतीयांश अपघात, असा तिचा निष्कर्ष होता. ९४ कोठे आणि ३३ च्या आसपास कोठे!

याचा अर्थ मानवी चालकाची तरफदारी करायची असा मुळीच नाही. ती करण्याचे धाडस निदान भारतीयाने तरी करू नये. एकट्या २०२२ या वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. दिवसाला ४६२! यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदले गेले आहेत आणि जवळपास ३३ हजार मृत हे पायी चालणारे होते. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी होरपळून मेले, ती भीषण घटना महाराष्ट्र विसरलेला नाही. अमेरिकेसारख्या शिस्तीच्या म्हणवल्या जाणाऱ्या देशातही २०२३ मध्ये सुमारे ४१ हजार माणसे रस्त्यांवर प्राणास मुकली. कोणी यंत्र शोधून हा संहार निम्म्यावर आणणार असेल, तर त्याच्या गळ्यात हार घालायलाच हवा. प्रश्न एवढाच की, ते यंत्र खरोखर तसे आहे काय, आणि ते चुकले तर कोणाची मान पकडायची?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता बरेचसे होकारार्थी येऊ लागले आहे, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. गूगलच्या घराण्यातील ‘वेमो’ ही कंपनी फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, ऑस्टिन या शहरांत आसनावर कोणीही नसलेल्या मोटारी भाड्याने चालवते. जानेवारी २०२५ पर्यंतच्या ५ कोटी ६७ लाख मैलांच्या प्रवासाचा अभ्यास एका तज्ज्ञपरीक्षित नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. त्याच शहरांतील मानवी चालकांच्या तुलनेत गंभीर इजा किंवा त्याहून वाईट परिणाम झालेले अपघात ८५ टक्क्यांनी कमी, आणि पादचाऱ्यांना इजा झालेले अपघात ९२ टक्क्यांनी कमी, असे त्यात आढळले. अभ्यास करणारे कंपनीचेच लोक होते, हे खरे. पण अपघातांच्या नोंदी सरकारकडे द्याव्या लागतात व त्या कोणालाही तपासता येतात. ‘स्विस री’ या बड्या पुनर्विमा कंपनीने विम्याच्या दाव्यांवरून वेगळ्या वाटेने हिशेब केला, तोही त्याच दिशेने गेला: २ कोटी ५३ लाख मैलांमागे शारीरिक इजेचे दावे ९२ टक्क्यांनी कमी. विमा कंपनी कोणाच्या प्रेमात पडून आकडे देत नसते.

तरीही येथे थोडे थांबले पाहिजे. अमेरिकेत २०२३ मध्ये माणसांनी चालवलेल्या वाहनांमुळे दर १० कोटी मैलांमागे १.२६ मृत्यू झाले. म्हणजे ५ कोटी ६७ लाख मैलांत सरासरी मानवी चालकाकडूनही एक पुरा मृत्यू अपेक्षित नाही! तेव्हा इजांविषयी हे आकडे पुष्कळ काही सांगतात. मृत्यूंविषयी जवळजवळ काहीच सांगत नाहीत. ‘रँड’ या संशोधन संस्थेने २०१६ मध्येच गणित करून दाखवले होते की, यंत्र मृत्यूच्या बाबतीत माणसाहून वाईट नाही एवढे खात्रीने म्हणायलाही एकही मृत्यू न होता २७ कोटी ५० लाख मैल धावावे लागेल. शंभर मोटारी रात्रंदिवस धावल्या तरी याला साडेबारा वर्षे लागतील. वेमोच्या मोटारींचे मैल आता झपाट्याने वाढत असल्याने हेही उत्तर कधीतरी मिळेल. पण मिळण्याआधीच ते मिळाले असे सांगणे खोटेपणाचे आहे. शिवाय या मोटारी वर्षानुवर्षे ठरावीक, इंच न् इंच नकाशाबद्ध केलेल्या शहरी भागातच हिंडल्या. सर्वसामान्य प्रवाशांना घेऊन त्या द्रुतगती मार्गांवर उतरल्या, तो नोव्हेंबर २०२५ उजाडला होता. अडल्या की दूर कोठेतरी बसलेल्या माणसाला त्या सल्ला विचारतात. आणि दोन लहान पोरे खांद्यावर घेऊन दुचाकीवरून उलट दिशेने येणारा गृहस्थ त्यांना अद्याप भेटलेला नाही.

पण चांगल्या आकड्यांना केवळ कंपनीची हुशारी कारणीभूत आहे, असे कोणी समजू नये. डिसेंबर २०१६ मध्ये उबरने सॅन फ्रान्सिस्कोत विनापरवाना अशा मोटारी रस्त्यावर आणल्या. पहिल्याच दिवशी त्यांतल्या एकीने लाल दिवा तोडला. कंपनीने तत्काळ हात झटकले: चूक यंत्राची नव्हे, आत बसलेल्या माणसाची! पुढे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने कंपनीची अंतर्गत कागदपत्रे पाहून वृत्त दिले की, त्या वेळी मोटार स्वतःच चालत होती. कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन विभागाने त्या सोळा मोटारींची नोंदणी रद्द केली. तेव्हा शेजारच्या ॲरिझोनाचे गव्हर्नर डग ड्युसी यांनी ‘त्यांना नको असाल तर आमच्याकडे या’ अशा थाटात पायघड्या घातल्या. ना परवान्याची कटकट, ना अहवालांची. पंधरा महिन्यांनी टेंपीच्या रस्त्यावर एका पादचारी स्त्रीने त्या पायघड्यांची किंमत मोजली. यंत्र तेच, कंपनी तीच. फरक होता तो दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्यात.

पण पुढे कॅलिफोर्नियाच्या पहारेकऱ्यालाही डुलकी लागली. १० ऑगस्ट २०२३ रोजी तेथील आयोगाने वेमो आणि जनरल मोटर्सची ‘क्रूझ’ या दोन्ही कंपन्यांना सॅन फ्रान्सिस्कोत अष्टौप्रहर भाड्याने मोटारी चालवण्याची मुभा दिली. या मोटारी बंबांच्या वाटेत आडव्या येतात म्हणून शहराचे अग्निशमन दल कंठशोष करीत होते. ते कोण ऐकतो! दोन महिनेही झाले नाहीत तोच, २ ऑक्टोबरच्या रात्री, एका माणसाने चालवलेल्या मोटारीने एका स्त्रीला उडवले आणि तो चालक पळून गेला. ती स्त्री शेजारून जाणाऱ्या क्रूझच्या मोटारीपुढे फेकली गेली. मोटारीने ब्रेक लावले, तरी ती तिच्याखाली आलीच. येथपर्यंत माणूसही कदाचित काही वेगळे करू शकला नसता. माणूस नराधमासारखा पळाला, यंत्राने निदान ब्रेक तरी लावला, असेही कोणी म्हणेल. आणि ते चूक नाही. परंतु पुढे जे झाले, ते कोणत्याही शुद्धीवरच्या माणसाच्या हातून घडले नसते. अपघात झाला की रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहायचे, हा यंत्राला शिकवलेला धडा. गाडीखाली जिवंत माणूस आहे, हे त्याला कळले नाही. त्या स्त्रीला खाली घेऊनच ती मोटार पुन्हा निघाली आणि तिला सुमारे वीस फूट फरफटत घेऊन गेली.

यंत्राची चूक झाली. ती दुरुस्तही झाली असती. कंपनीने काय केले? फरफटीचे चित्रण आपल्याला दाखवण्यातच आले नाही, असे कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन विभागाने जाहीर करून २४ ऑक्टोबर २०२३ रोजी परवाना स्थगित केला. कंपनीने ते नाकारले. पण पुढे, नोव्हेंबर २०२४ मध्ये, केंद्रीय महामार्ग प्रशासनाला दिलेल्या अहवालात फरफटीचा उल्लेख गाळून आपण खोटी माहिती दिली, अशी कबुली त्याच कंपनीने दिली व पाच लाख डॉलर दंड भरला. पुढच्याच महिन्यात जनरल मोटर्सने क्रूझची टॅक्सीसेवा कायमची गुंडाळली. तोवर तिच्यावर दहा अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला होता. म्हणजे खोटे बोलण्याचा दंड किती? एकूण खर्चाच्या वीस हजारांश! कंपनीचे प्रमुख राजीनामा देऊन गेले, पण तुरुंगाची पायरी कोणालाही चढावी लागली नाही.

आता याच्या शेजारी आपल्याकडची एक घटना ठेवून पाहावी. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये, अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभरचे ट्रकचालक संपावर गेले. थांबलो तर जमाव जिवे मारील आणि पळालो तर दहा वर्षे आत, हा त्यांचा प्रश्न होता. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. त्या संपाची बाजू घ्यावी की न घ्यावी, हा स्वतंत्र विषय आहे. पण एक गोष्ट सूर्यप्रकाशाइतकी स्वच्छ आहे. महिना पंधरा-वीस हजारांवर रात्रंदिवस ट्रक हाकणाऱ्या माणसाने अपघात लपवला तर कायद्याला दहा वर्षांचा कारावास आठवतो, आणि अब्जावधींच्या कंपनीने अपघात लपवला तर खिशातली सुटी नाणी! मग ‘माणसापेक्षा यंत्र सुरक्षित’ या तुलनेत हा फरक कोठे मोजला जातो? कोठेच नाही.

‘टेस्ला’ची तऱ्हा तर आणखी निराळी. तिने आपल्या यंत्रणांना नावे दिली ‘ऑटोपायलट’ आणि ‘फुल सेल्फ ड्रायव्हिंग’. म्हणजे पूर्णतः स्वयंचलित! आणि माहितीपुस्तिकेत लिहायचे की, चालकाने सदैव सावध राहावे, मोटार स्वयंचलित नाही. जाहिरातीत यंत्र, न्यायालयात माणूस. २०१६ मध्ये फ्लोरिडात अशी एक मोटार उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवरचा पांढरा मालट्रक न ओळखता थेट त्याखाली शिरली आणि आतला चालक ठार झाला. वर्षानुवर्षे अशा प्रकरणांत ‘चालक गाफील होता’ हे एकच पालुपद ऐकू येत राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र मायामीच्या ज्यूरीने ते अमान्य केले. २०१९ मधील त्या अपघातात चालक खाली पडलेला मोबाईल उचलायला वाकला होता. रस्त्याच्या कडेला उभी असलेली एक तरुणी प्राणास मुकली. दोष चालकाचा आहेच, पण ३३ टक्के दोष कंपनीचाही आहे, असे ठरवून ज्यूरीने तिच्यावर सुमारे २४ कोटी ३० लाख डॉलरचा भार टाकला. कंपनीने अपिलाची घोषणा केली.

सप्टेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनो येथे पोलिसांनी बेकायदा वळण घेणारी वेमोची मोटार अडवली. आत पाहतात तो चालकच नाही! पावतीपुस्तकात ‘रोबो’साठी रकाना नाही, असे पोलिसांनी विनोदाने जाहीर केले आणि मोटार सोडून दिली. अमेरिकेत लोक यावर पोट धरून हसले. त्या राज्याने २०२४ मध्ये केलेल्या कायद्याने पोलिसांना अशा प्रसंगी थेट उत्पादक कंपनीला नोटीस देण्याची मुभा ठेवली आहे, पण ती १ जुलै २०२६ पासून. मोटारी आधी रस्त्यावर आल्या, रकाना मागाहून येतो आहे.

महाभारतातील शल्याची कथा मराठी वाचकाला परिचित आहे. सारथ्याच्या कलेत शल्य हा श्रीकृष्णाच्या तोडीचा मानला जाई, म्हणून तर कर्णाने त्यालाच सारथी म्हणून मागून घेतले. कौशल्यात काहीच उणे नव्हते. पण हा सारथी रथावर चढला तोच मुळी ‘मला वाटेल ते बोलेन’ अशी अट घालून, आणि आतून वचन देऊन बसला होता युधिष्ठिराला. रथ कोण किती सफाईने हाकतो, हा एक प्रश्न. आणि तो कोणाला बांधील आहे, हा दुसरा. आजच्या सगळ्या चर्चेत पहिल्याच प्रश्नाचे चऱ्हाट वळले जाते. चालकविरहित मोटारीचे कौशल्य कदाचित थोर असेल, पण तिची बांधिलकी प्रवाशाशीही नाही आणि पादचाऱ्याशीही नाही. ती आहे भागधारकांशी.

ही बांधिलकी वळवता येते; त्यासाठी कायदा लागतो. ब्रिटनने मे २०२४ मध्ये केलेल्या कायद्यात दोन गोष्टी स्वच्छ लिहिल्या. यंत्र निदान सावध आणि कुशल मानवी चालकाइतके तरी सुरक्षित असले पाहिजे. म्हणजे तुलना पिऊन तर्र झालेल्या चालकाशी नव्हे, चांगल्या चालकाशी. आणि यंत्र मोटार चालवीत असताना वाहन चालवण्याविषयीच्या गुन्ह्यांचे उत्तर आसनावरच्या माणसाने नव्हे, तर परवाना घेतलेल्या कंपनीने द्यायचे. जर्मनीच्या नैतिकता आयोगाने तर २०१७ मध्येच बजावले होते की, मानवी चालकाच्या तुलनेत हानी घटत असेल तरच अशा यंत्रणेला परवानगी समर्थनीय ठरते. ज्या अमेरिकेत हे यंत्र जन्मले, तेथे मात्र असा एकसंध केंद्रीय कायदा झालेला नाही. एका राज्यात एक न्याय, दुसऱ्यात दुसरा.

आणि भारत? डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर येथे बोलताना केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी, चालकविरहित मोटारी आपण भारतात कधीच येऊ देणार नाही, असे ठणकावून सांगितले. सत्तर-ऐंशी लाख चालकांच्या पोटाचा विचार त्यामागे होता. या कळकळीविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागेल की, हे रोजगाराचे उत्तर झाले, सुरक्षिततेचे नव्हे. दरवर्षी दीड लाखाहून अधिक माणसे ज्या रस्त्यांवर मरतात, तेथे यंत्र खरोखर जीव वाचवणारे ठरले, तर ते केवळ नोकऱ्यांच्या कारणाने कायमचे दाराबाहेर ठेवता येईल काय? आणि ते जीवघेणे ठरले, तर नोकऱ्यांचा प्रश्न सुटला म्हणून आत घेता येईल काय? दोन्हींचे उत्तर नाही असेच आहे.

शिवाय बंदीचा दरवाजा लावला तरी खिडकी उघडीच आहे. मार्गिका सांभाळणाऱ्या, पुढच्या वाहनामागे आपोआप वेग जुळवणाऱ्या ‘ॲडास’ यंत्रणा भारतातील मध्यमवर्गीयांच्या मोटारींत केव्हाच येऊन बसल्या आहेत. त्या चालकाच्या मदतीसाठी आहेत, चालकाच्या जागी नाहीत. पण द्रुतगती मार्गावर ती यंत्रणा लावून स्टिअरिंग सोडायचे, मांडी घालून बसायचे आणि त्याची चित्रफीत जगाला दाखवायची, असे दिवटे आपल्याकडेही निपजले आहेत. अशी मोटार उद्या कोणाला चिरडून गेली, तर १९८८ चा मोटार वाहन कायदा चालक शोधील, मालक शोधील, परवाना तपासील. ज्या कंपनीने ती यंत्रणा ‘निश्चिंत प्रवास’ म्हणून विकली, तिच्या दारापर्यंत तो पोहोचेल काय? अपघातापूर्वीच्या अर्ध्या मिनिटात मोटार कोणाच्या ताब्यात होती, हे सांगणारी नोंद कंपनीच्या संगणकात असेल आणि ती मागण्याचा अधिकार पोलीस ठाण्यातल्या उपनिरीक्षकाला कोणत्या कलमाने असेल? ही कलमे आज लिहायला हवीत, मोटारी बंदरात उतरल्यावर नव्हे. यंत्र चालवील तेथे यंत्राचा कर्ता हाच कायद्याने चालक. अपघाताची संपूर्ण नोंद ठरावीक तासांत पोलिसांच्या हाती. आणि नोंद लपवणाऱ्या अधिकाऱ्याला, केवळ कंपनीला नव्हे, कारावास. एवढे कायद्यात लिहिले गेले, तर चांगल्या यंत्राचे काहीच बिघडणार नाही.

‘उबर’चा तो विभाग विकत घेणाऱ्या ‘ऑरोरा’ने मे २०२५ मध्ये टेक्सासमधील डॅलस ते ह्यूस्टन या मार्गावर चालकाविना मालट्रक सुरू केल्याची घोषणा केली. त्याच महिन्यात, ट्रक बनवणाऱ्या कंपनीने आग्रह धरल्यामुळे, चालकाच्या आसनावर पुन्हा एक माणूस आणून बसवावा लागला. ट्रक चालवण्याचे काम त्याचे नाही, तो केवळ निरीक्षक आहे, असे कंपनीने स्पष्ट केले. टेंपीच्या त्या मोटारीत बसलेल्या स्त्रीचे कामही मोटार चालवण्याचे नव्हते. केवळ लक्ष ठेवण्याचे होते.